कुलूप लावलं होतं

भर चर्चमध्ये, पाळकांचा आवाज दाटून आलेला असताना आणि बायकांच्या बाजूनं हुंदके ऐकू येत असताना, फिटरबाई हसली. गालातल्या गालात नव्हे, चांगली मोठ्यानं. एकदा हसून थांबली असती तर कुणी खोकला समजून सोडून दिलं असतं, पण ती पुन्हा हसली. पुढच्या बाकावरच्या म्हातारीनं मान वळवून पाहिलं. शेजारी बसलेल्या आईनं मांडीला चिमटा काढला. चाळीस वर्षांपूर्वी ज्या जागी काढायची त्याच जागी, तेवढ्याच जोरात. समोर तिचा थोरला भाऊ साक्ष द्यायला उभा होता. साबणाच्या कारखान्यातला मुकादम, चर्चच्या मंडळीचा पंच, कडक इस्त्रीचा पांढरा सदरा आणि नाकाच्या शेंड्यावर येऊन थांबलेला एक थेंब. तो नुकताच म्हणाला होता, "त्या दिवशी कुलूप तिनं लावलं होतं. मी ते कापलं. आणि लावलंच नव्हतं असं सगळ्यांना सांगितलं." मंडळी हळहळली ती त्याच्यासाठी. पाळक वेदीच्या पायऱ्या उतरून त्याला मिठी मारत होते. आणि फिटरबाईच्या डोक्यात एकच वाक्य घुमत होतं: लावलं होतं! मी लावलं होतं! राग यायला हवा होता. तो वाटेत होताच, येणारच होता. पण आधी पोचला तो आनंद, आणि असा आनंद तिला आठ महिन्यांत झाला नव्हता.

कारखान्यात साबणाचा लगदा तीन पोलादी रोलरांमधून काढतात. त्याची पातळ पट्टी होते, आणि ती खरवडून काढायला शेवटच्या रोलरला एक लांब पातं बसवलेलं असतं. पातं बोथट झालं की फिटरला रोलरांच्या फटीत हात घालावा लागतो. म्हणून तिथला एक नियम आहे. आत हात घालण्याआधी विजेचा मोठा खटका खाली ओढायचा आणि त्याच्या कडीत आपलं कुलूप अडकवायचं. आपलं म्हणजे आपलंच. प्रत्येक फिटरचं लाल कुलूप वेगळं, त्यावर त्याचा नंबर, किल्ली एकच आणि ती त्याच्या खिशात. दोघं आत गेले तर दोन कुलपं, चौघं गेले तर चार. ज्यानं लावलं त्यानंच काढायचं. साहेब येवो नाही तर साहेबाचा साहेब. फिटरबाईनं सोळा वर्षं दिवसातून तीन-चार वेळा ते कुलूप लावलं होतं. एकदाच, फक्त एकदाच, काम संपल्यावर ते काढायला ती विसरली आणि किल्ली पर्समध्ये टाकून घरी गेली. अर्धी पाळी मशीन बंद राहिलं, मुकादम म्हणून भावाला सगळ्यांदेखत बोलणी खावी लागली, आणि तेव्हापासून त्यानं कुलूप कापायची मोठी कातर आपल्या टेबलाखाली आणून ठेवली. कातर वापरायलाही नियम होता: मशीनभोवती पूर्ण फेरी मारायची, तीनदा हाक मारायची, कुलूपवाल्याला शोधून काढायचं. पण एकदा विसरलेल्या माणसाबद्दल जग असं धरून चालतं की तो विसरतच असतो. त्या दिवशी भावानं खटक्याला तिचं कुलूप पाहिलं, बाई पुन्हा गेली घरी असं मनाशी ठरवलं, कातर चालवली आणि खटका वर केला. ती मशीनच्या मागच्या बाजूला गुडघ्यांवर बसलेली होती. डाव्या हाताची मधली तीन बोटं रोलरांनी नेली. अंगठा आणि करंगळी राहिली, दोन टोकांना दोन, मधलं घर पडलेल्या चाळीसारखी.

चौकशी झाली तेव्हा ती दवाखान्यात होती. कुलूप सापडलं नाही. किल्ली तिच्या एप्रनच्या खिशात होती, पण किल्ली काय, कुलूप लावलं तरी खिशात आणि नाही लावलं तरी खिशातच. मुकादमानं लेखी दिलं की खटक्याला कुलूप नव्हतं. तेच मुकादम रोज संध्याकाळी डबा घेऊन तिच्या खाटेशी यायचे. दादा तिला चमच्यानं भरवायचा. उजव्या हाताची नखं कापून द्यायचा, कारण ती कापायला डावा हात लागतो हे तिच्याही आधी त्याच्या लक्षात आलं होतं. आणि एक दिवस, उशी नीट करता करता, तो म्हणाला होता, "चूक कुणाच्याही हातून होते गं. मी काही रागावलेलो नाही तुझ्यावर. माफ केलं म्हण हवं तर." ती रडली होती! त्याचा हात धरून रडली होती. बरी होऊन आल्यावर पहिल्याच रविवारी तिनं उभं राहून सगळ्यांसमोर असा भाऊ दिल्याबद्दल देवाचे आभार मानले होते. हे तिला आत्ता, बाकावर, दुसऱ्यांदा हसताना आठवलं, आणि हसू तिथेच घशात वाळलं.

उपासना संपल्यावर दारात लोकांनी तिला गराडा घातला. सगळ्यांचे चेहरे ओलसर आणि उजळलेले, लग्नघरातून बाहेर पडल्यासारखे. "केवढं मोठं मन त्याचं, भर सभेत कबूल केलं," एक बाई म्हणाली. "आता तूही मोठी हो." दुसरी म्हणाली, "आज मिठी मारली असतीस तर काय सुरेख झालं असतं." फिटरबाईनं तिला विचारलं, "कुणासाठी सुरेख?" भाऊ चार पावलांवर उभा होता. पाळकांनी त्याचा हात धरून तिच्या दिशेनं पुढे केला. तो हात तिला फार नीट दिसला. पाची बोटं, नखांत वर्षानुवर्षांचं ग्रीस, अंगठ्याच्या मुळाशी लहानपणी विळी लागली होती तो वण. तिनं आपला डावा हात पदराखाली घेतला, आईला दंडाला धरलं आणि म्हणाली, "चल आई, बस निघून जाईल." बस काही निघून जाणार नव्हती. दर वीस मिनिटांनी येते ती.

सोमवारी ती नेहमीसारखी स्टोअरमध्ये बसली. चौकशीनंतर तिला मशीनवर जायची बंदी झाली होती. खिडकीतून नट, बोल्ट, पट्टे आणि बेअरिंगं द्यायची आणि नोंद करायची. कामात वाईट असं काही नव्हतं, स्टोअरमध्ये पंखा होता, खुर्ची होती. पण सोळा वर्षं जिचे कान मशीनच्या आवाजावरून कुठला पट्टा सैल झालाय ते ओळखत, तिला खिडकीत बसवणं म्हणजे आचाऱ्याला पंगतीत वाढायलाही उभं न करता दारात चपला सांभाळायला बसवण्यासारखं होतं. वर लिंबाच्या साबणाचा वास. अपघात झाला त्या आठवड्यात लिंबाचाच माल चालू होता, आणि तो वास गेले आठ महिने तिला एकाच गोष्टीकडे नेत असे. आपण लावलं होतं का? तिला कडीत कुलूप बसतानाचा खट्ट आवाज स्वच्छ आठवत होता. पण तो त्या दिवशीचा की आदल्या दिवशीचा, की सोळा वर्षांतल्या कुठल्यातरी भलत्याच दिवसाचा? बसमध्ये बसल्यावर गॅस बंद केला का ते आठवून बघतात, आणि बटणावरचा आपला हात दिसतो, पण तो आजचाच कशावरून, तसं. दादा म्हणतो लावलं नव्हतं. दादा कशाला खोटं बोलेल? म्हणजे मीच. असं करत करत तिनं त्या दिवसाची एक नवीच आठवण तयार केली होती: ती खटका ओढते, कुणीतरी हाक मारतं, ती वळते, कुलूप खिशातच राहतं. हाक कुणी मारली तेही तिनं ठरवून टाकलं होतं. त्या हाक मारणाऱ्याला तिनं मनातल्या मनात दोषही दिला होता, बिचाऱ्याला! आणि मग ती दार लावून निघाली की कोपऱ्यावरून परत येऊन दार ओढून बघू लागली. आईच्या गोळ्या देऊन झाल्या की दिल्या का म्हणून आईलाच विचारू लागली. बोटं रोलरांनी नेली, त्याचं तिला एवढं नव्हतं. रोलरांना काय कळतं. पण माणसाच्या डोक्यात शिरून तिथलं त्याचं स्वतःचं सामान इकडचं तिकडे करून ठेवायचं, आणि वर त्यालाच डबा आणून भरवायचा! राग आला तो असा, सोमवारी सकाळी साडेदहाला, एका माणसाला पाऊण इंची बोल्ट देताना. तिनं बोल्ट खिडकीवर इतक्या जोरात आपटला की तो माणूस दोन पावलं मागं सरकला आणि म्हणाला, "बाई, मी काय केलं?"

संध्याकाळी पाळक घरी आले. चांगला माणूस, पोट सुटलेला, पायानं अधू, दोन जिने चढून आल्यावर खुर्चीत बसून आधी नुसताच श्वास घेत बसला. आईनं चहा ठेवला आणि चहा उकळेपर्यंतही तिला धीर निघाला नाही. "पोटात घाल बाई त्याचं," ती ओट्यापाशी उभी राहूनच म्हणाली.

"माझं पोट म्हणजे काय पेटारा आहे आई? किती घालू?"

"आपलेच दात आणि आपलेच ओठ. त्यानं चर्चमध्ये सांगितलं ना सगळं? झालं ना? आता ते कारखान्यात कशाला न्यायचं? मुकादमकी जाईल त्याची. झाकली मूठ सव्वा लाखाची."

फिटरबाईनं डावा हात वर करून आईच्या चेहऱ्यासमोर धरला. "वळते का मूठ बघ. वळली तर झाकते."

आई तोंडाला पदर लावून आत गेली. हे बोलायला नको होतं असं फिटरबाईला वाटलं, आणि बोलल्याचं बरंही वाटलं, दोन्ही एकदमच. पाळकांनी चहाचा कप घेतला, बशीत ओतला, फुंकर मारली. मग अगदी हळू म्हणाले, "क्षमा केली म्हणजे मागचं काढायचं नसतं, मुली. प्रभूनं क्रुसावरून क्षमा केली. अटी नाही घातल्या."

"नाही घातल्या," ती म्हणाली. "पण पाळकसाहेब, तिसऱ्या दिवशी उठला तेव्हा हातांवरचे वण होते का नव्हते? मेलेला उठून उभा राहिला, त्याला दोन भोकं बुजवता आली नसती? बुजवली नाहीत. दाखवली. मला खिळे मारलेच नव्हते, मीच कुठेतरी पडलो असेन, असं नाही म्हणाला."

पाळकांनी बशी खाली ठेवली. "होते वण," ते म्हणाले, आणि त्याबद्दल तिला ते पहिल्यांदाच मनापासून आवडले. जाताना जिन्यावर थांबून त्यांनी एवढंच विचारलं, "तुला नेमकं काय हवंय?" तिनं सांगितलं, "जिथे खोटं बोलला तिथे त्यानं खरं बोलावं. चर्चमध्ये माझ्यावर कुणी कागद केला नव्हता. कारखान्यात केलाय. तो कागद तिथे आहे तोवर मी निष्काळजी बाई आहे, आणि मशीनला हात लावू शकत नाही." पाळक म्हणाले, "आणि क्षमा?" ती म्हणाली, "ती माझी मी बघते." मग त्यांना कठड्याला धरून उतरताना बघत ती वरच उभी राहिली. पायऱ्या चुकतील की काय अशी तिला धास्ती वाटत होती.

क्षमेचं मात्र ती म्हणाली तितकं सोपं नव्हतं. मंगळवारी दिवसभर ती स्वतःच्या मनात हात घालून बघत होती. ती देव मानणारी बाई होती. देखाव्यासाठी नव्हे, भीतीपोटीही नव्हे, तिला खरोखरच वाटे की कुणीतरी ऐकतंय आणि त्याच्यासमोर खोटं बोलून उपयोग नाही. त्यामुळे केली क्षमा असं तोंडानं म्हणून मोकळं होणं तिला जमत नव्हतं. दुपारी जेवणाच्या सुट्टीत तिनं एक भयंकर गोष्ट करून पाहिली. डोळे मिटले आणि दादाचा हात रोलरांमध्ये घातला. तोच हात, विळीच्या वणाचा. आणि खटका वर करायला स्वतःला उभं केलं. बघू तर काय होतं. चित्र पुरं व्हायच्या आत तिनं डबा बाजूला सारला, आणि तिचा उजवा हात खिडकीच्या चौकटीवर जिथे नव्हतंच तिथे मशीन बंद करायचं लाल बटण शोधत होता. म्हणजे नको होतं तर तिला. त्याचं वाईट व्हायला नको होतं. एवढा राग घेऊन, एवढ्या तयारीनं बसलेली असताना, आतून निघालं ते हे! तिला ते मुळीच आवडलं नाही. लोक म्हणतात क्षमेनं हलकं वाटतं. तिला वाटलं कुणीतरी आपल्याला न विचारता आपल्या घरात पाहुणा आणून बसवलाय, आणि आता त्याला जेवू घालावंच लागणार. ती बराच वेळ देवावर चिडून बसली होती. मग घंटा झाली आणि खिडकीवर माणसं आली.

त्याच संध्याकाळी भाऊ आला. बेल वाजवली, जी तो कधीच वाजवत नसे. स्वयंपाकघरात ती भाजी चिरत होती. अंगठा आणि करंगळी यांच्यामध्ये कांदा धरायची तिनं आता एक युक्ती बसवली होती. तो दारातच उभा राहिला, ओट्याकडे न बघता. "कांदा मी चिरू का?" म्हणाला. "नको," ती म्हणाली. तो सांगू लागला ते तुकड्या तुकड्यांनी: किंचाळी ऐकली तेव्हाच त्याला कळलं, मशीन बंद केलं ते त्यानंच, तिला उचलून बाहेर नेलं तेही त्यानं, आणि तिला गाडीत घातल्यावर परत आला तर कापलेलं कुलूप खटक्याखाली पडलं होतं. तो उचलायला वाकला तेव्हा त्यानं काहीच ठरवलं नव्हतं. खिशात घातल्यावर ठरलं. "मला वाटलं चार दिवसांनी सांगेन. मग तू रडलीस, माझे आभार मानलेस. मग कसं सांगणार?"

"आठ महिने मला वेडी केलंस तू, दादा."

"हो."

नुसतं हो म्हणाला तो. तिला वाटलं होतं तो काहीतरी जोडेल. पोरांचं शिक्षण, घाईगर्दी, साहेबांचा दबाव. काही जोडलं नाही. कांदा चिरून झाला होता, तरी ती सुरी चालवत होती. "माफ केलं," ती म्हणाली.

त्याचे डोळे भरून आले. तो पुढे आला, तशी तिनं सुरी खाली न ठेवताच दुसरा हात वर करून त्याला थांबवलं. "तिथेच थांब. माफ केलं म्हणजे केलं, आता मी ते परत घेणार नाही, तू काहीही केलंस तरी. आता कारखान्यात जाऊन साहेबांना सांग."

"मग माफ कसलं केलंस?" त्याचा आवाज चिरकला. "मुकादमकी जाईल माझी. नोकरी जाईल कदाचित. हे माफ करणं झालं?"

"माफ केलं म्हणून तर तुला सांगतेय जा. नसतं केलं तर काल सकाळीच मी स्वतः गेले असते, आणि तू कुठे उभा आहेस ते वळूनही बघितलं नसतं." सुरी आता तिनं ठेवली. "मी जाणार नाही. एका शब्दानंही बोलणार नाही. तू जायचंस. तेवढा भरवसा टाकतेय तुझ्यावर, सध्या आहे तेवढा सगळा."

बुधवारी तो गेला नाही. स्टोअरच्या खिडकीतून साहेबांच्या खोलीचं काचेचं दार तिरकं दिसे. दोनदा तो तिथवर आला, एकदा हँडलवर हातही ठेवला, आणि मग भलत्याच कुणाला तरी हाक मारल्यासारखं करून वळला. गुरुवारी तर आलाच नाही. तिच्या तळपायाची आग मस्तकात गेली. जावं सरळ, दार ढकलावं, सगळं ओकून टाकावं. पन्नास पावलं होती फक्त. ती उठून उभीही राहिली होती. पण तिनं शब्द दिला होता, आणि तिच्या लक्षात आलं की ज्याच्यावर भरवसा टाकायचा त्याला आपल्याला बुडवायची मोकळीक द्यावी लागते, त्याशिवाय तो भरवसा होतच नाही. हा काय अन्याय आहे देवा, ती मनात म्हणाली, दुखावलेल्यानंच पुन्हा मान पुढे करायची? कुणीतरी दोन फुटांचा पट्टा मागितला. तिनं पट्टा मापून दिला, दोनदा मापून, आणि खुर्चीत बसली. शुक्रवारी सकाळी भाऊ आला तो सरळ आला, कागदात गुंडाळलेलं काहीतरी हातात घेऊन, आणि दार न वाजवता आत शिरला. काचेआडून तिला दिसलं, त्यानं ते टेबलावर ठेवलं. लाल होतं. पाऊण तासानं तो बाहेर आला. तिच्या खिडकीवरून जाताना थांबला नाही, मानही वर केली नाही, आणि त्या वेळी त्याची पाठ अगदी वडिलांसारखी दिसत होती. तिला वाटलं होतं आपण जिंकल्यासारखं होईल. ती स्टोअरच्या मागच्या बाजूला गेली, बेअरिंगांच्या खोक्यांआड उभी राहिली आणि तोंडात एप्रन कोंबून रडली.

मुकादमकी गेली. पंधरा दिवस त्याला घरी बसवलं, आणि मग फिटरच्या निळ्या कपड्यांत परत घेतलं. फळ्यावर नोटीस लागली: जुना अहवाल रद्द, सदर फिटरनं कुलूप लावलेलं होतं. 'लावलेलं होतं' हे दोन शब्द तिनं येता जाता इतक्या वेळा वाचले की लोक हसायला लागले. मंडळीतल्या काही बायका तिच्याशी बोलेनाशा झाल्या. पंचाला खाली खेचलं हिनं, म्हणाल्या. तिनं आपला बाक बदलला नाही. उलट एक रांग पुढे जाऊन बसू लागली. साहेबांनी बोलावून विचारलं, "त्याच्याबरोबर काम कराल का? नाही म्हणालात तर त्याला दुसऱ्या खात्यात टाकतो." ती म्हणाली, "करीन. पण त्याचं कुलूप मी ओढून बघणार आणि माझं त्यानं. रोज." पहिल्या दिवशी ती रोलरांमागे गुडघ्यांवर बसली आणि हात आत जाईना. कुलूप लावलेलं, किल्ली खिशात, तरी खांदा लाकडासारखा. चार वेळा उठून खटक्यापाशी आली, कुलूप ओढलं, परत गेली. भाऊ न सांगता खटक्यापासून चार पावलं दूर, भिंतीला पाठ लावून, दोन्ही हात तिला दिसतील असे पुढे धरून उभा होता. पाचव्यांदा आली तेव्हाही तसाच. त्याबद्दल तिनं मनातल्या मनात त्याला एक गुण दिला. दुसऱ्या दिवशी तीनदा उठली. आठवड्यानं एकदाच. कुणीतरी टोमणा मारला, "बाई, माफ केलंत म्हणता आणि कुलूप ओढून बघता?" ती म्हणाली, "माफ एकदा केलं. कुलूप रोज बघते." तिसऱ्या आठवड्यात एकदा काम संपल्यावर तिच्या लक्षात आलं की आज आपण पूर्ण वेळ त्याच्याकडे पाठ करून बसलो होतो. लक्षात आल्यावर अंगावर काटा आला, पण काम तर होऊन गेलं होतं.

मग तो गुरुवार. मधल्या रोलरखाली एक बोल्ट अडकला, अशा जागी की तिथे दहा बोटांचं काम होतं. तिनं दोन वेळा प्रयत्न केला आणि बाहेर आली. "मी जातो," भाऊ म्हणाला. तिचं कुलूप काढून झालं. खटका खाली होता. तो बाह्या सारून तसाच मशीनमागे शिरू लागला.

"कुलूप?"

तो वळला. चर्चमध्ये होतं तसंच पाणी त्याच्या डोळ्यांत चमकत होतं. "मला कशाला कुलूप? तू आहेस ना इथे. माझा पूर्ण भरवसा आहे तुझ्यावर."

"बाहेर ये," ती म्हणाली. मग ओरडलीच, "बाहेर ये आधी! हे कसलं नाटक लावलंयस? तुझा हात नकोय मला बदल्यात. तुझा जीव माझ्या तळहातावर ठेवून मला मोठी करू नकोस, मला नाही पेलत. मी विसरते, दादा. एकदा किल्ली घेऊन घरी गेले होते, आठवतं ना? मीही माणूसच आहे, माझ्याही हातून काही होईल. तुझं कुलूप काढ आणि लाव, गप."

आजूबाजूची माणसं बघत होती. भावानं खिशातून कुलूप काढलं. नवं होतं, नऊ नंबर, लाल रंग अजून कोरा. कडीत अडकवलं. तिनं ते ओढून पाहिलं, जोरात, दोनदा. तो मशीनमागे गुडघ्यांवर बसला आणि दिसेनासा झाला. रोलरांखालून त्याच्या पान्याचा आवाज येऊ लागला.

पाचच मिनिटांत नवा मुकादम तरातरा आला. दुसरीकडून आलेला माणूस, घड्याळ बघत बोलणारा. बाहेर मालाची गाडी उभी होती, वर साहेबांचा फोन चालू होता. "अजून बंदच? सोडा ते बोल्टचं, संध्याकाळी बघू. कोण आहे आत?" असं विचारलं की नंबर सांगायचा, अशी तिथली पद्धत, नऊ म्हटलं की समोरच्यानं काय ते समजायचं. मुकादमाचा हात बोलता बोलता खटक्याकडे गेला होता, नुसताच, सवयीनं. फिटरबाई मध्ये आली. तिची पाठ खटक्याला टेकली, कुलूप मणक्याला रुतलं, आणि तिनं तो डावा हात त्याच्या छातीसमोर आडवा धरला.

"माझा भाऊ आहे आत," ती म्हणाली. "तो बाहेर येईल तेव्हा मशीन चालू होईल."